वायर काढली तरी जळणारा दिवा

१

"नट ढिला ठेवलास तू! तूच ठेवलास, विक्या!"

"नाही ठेवला."

"मग तीन-साडेतीन लिटर ऑइल गेलं कुठं? पाखरांनी पिलं?"

बापूशेठच्या हातातला पाना माझ्या नाकाला टेकायचाच बाकी होता. मीपण ऐकून घेणारा नाही. नववीत सरांनी अख्ख्या वर्गासमोर खोटारडा म्हणलं, तेव्हा डस्टर फळ्यावर आपटून बाहेर पडलो, तो शाळेत परत गेलोच नाही. आता हातात डस्टरपेक्षा जड वस्तू होती. पण खाली ठेवली. कारण या गॅरेजमधून बाहेर पडलो तर जायला जागा नव्हती. आई गावाकडं ताईच्या बाळंतपणाला गेली ती तिकडंच राहिली. वाघोलीतली खोली सुटली. सहा महिने झाले, मी गॅरेजच्या मागच्या पत्र्यात झोपतो.

भांडण ज्या गाडीवरनं चाललेलं, ती समोरच उभी होती. सतरा वर्षांची, निळी, मागची डिकी आत गेलेली. श्यामसुंदर काकांची. आदल्या दिवशी दुपारी खराडीच्या सिग्नलच्या अलीकडं चालू गाडीचं इंजिन जाम झालं आणि मागनं टेम्पो बसला. काका वाचले. मनगट मुरगळलं तेवढंच. क्रेननं गाडी इथं आणली, डिपस्टिक काढली तर कोरडी. म्हणजे खालच्या चेंबरमध्ये, ऑइल साठतं तिथं, काही उरलंच नव्हतं. ऑइल मी बदललेलं, दसऱ्याच्या आधी, म्हणून पाना माझ्या नाकासमोर.

काका गाडीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले, हाताला पट्टी. त्यांचा मुलगा केयूर बाणेरहून आलेला, उभाच.

"बाबा, ऑइलचा लाल दिवा लागला होता का?"

"नाही लागला," काका म्हणले.

केयूरनं आत वाकून चावी फिरवली. इंजिन मेलेलं, पण मीटरमधले दिवे लागले. बॅटरीचा लागला, ऑइलच्या बुधलीच्या चित्राचापण लागला. लालभडक.

"बल्ब तर व्यवस्थित आहे. म्हणजे लागला असणार, तुम्हाला दिसला नसणार. डोळे गेलेत तुमचे, बाबा."

"माझे डोळे माझ्याकडेच आहेत," काका म्हणले. "तुझे मोबाइलमध्ये असतात."

बापूशेठ हसले नाहीत. माझ्याकडं बघून म्हणले, "उद्या दहाला केयूरसाहेब परत येणार हाईत. तोवर कबूल झालास तर बरं. न्हायतर गोधडी बांधून ठेव."

मी काकांकडं बघितलं. सगळ्या वाघोलीत मला 'विक्रम' म्हणणारा तो एकच माणूस. बाकी सगळ्यांचा मी विक्या, नाहीतर 'ए'. वाटलं, काका म्हणतील, पोरगं असं काम करणार नाही.

काका पट्टीचं टोक नीट करत बसले.

२

सकाळी सातला गाडीखाली शिरलो. चेंबरचा नट बघायला, ज्यातनं जुनं ऑइल काढतात तो.

हे आधी सांगायला पाहिजे. काकांचं बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, चाळीस वर्षं. काकू गेल्यावर केयूरनं दुकान विकायला लावलं आणि त्यांना इथं वाघोलीच्या सोसायटीत फ्लॅट घेऊन दिला. सातवा मजला, खाली वॉचमन, शेजारी भाड्यानं राहणारी आयटीतली पोरं. काका सर्व्हिसिंगच्या निमित्तानं गॅरेजला यायचे आणि गाडी झाली तरी बसायचे. आमचा बंद पडलेला रेडिओ त्यांनी चहा गार व्हायच्या आत चालू केलेला.

तेव्हाच त्यांनी मला एक गोष्ट शिकवली. खिशातनं नेलपॉलिशची बाटली काढली. लाल. "आमच्या कुसुमची. तिनं दोनदा लावली, मग मीच वापरली." दुकानात ते दुरुस्त केलेल्या रेडिओच्या स्क्रूवर एक ठिपका द्यायचे, अर्धा स्क्रूवर, अर्धा डब्यावर. गिऱ्हाईक घरी जाऊन स्क्रू फिरवणार आणि परत येऊन बोंब मारणार, तेव्हा ठिपका तुटलेला दिसायचा. "विक्रम, माणूस काय वाटेल ते सांगतो. ठिपका एकच सांगतो."

बाटली मला दिली. तेव्हापासनं मी बसवलेल्या प्रत्येक नटावर ठिपका आहे.

चेंबरखाली बॅटरी मारली. लाल ठिपका, अर्धा नटावर, अर्धा चेंबरवर. जुळलेला. केसाचाही फरक नाही.

दसऱ्याच्या आधी मी घट्ट केलेला नट तेव्हापासनं कुणी हलवलेला नव्हता. आजूबाजूला ऑइलचा ओघळपण नाही. म्हणजे ऑइल सांडलंच नव्हतं. जळलं होतं. मागं जाऊन सायलेन्सरच्या नळीत बोट घातलं, काळंकुट्ट आणि चिकट निघालं. जुनं इंजिन ऑइल पितं, हजार-बाराशे किलोमीटरला लिटरभर. पण मग एवढं संपायला गाडी किती पळायला पाहिजे?

दाराच्या आतल्या बाजूला माझंच स्टिकर होतं, सर्व्हिसिंगच्या दिवशीचा आकडा लिहिलेला. मीटरवरचा आकडा बघितला. वजाबाकी केली. परत केली. शाळा सोडली म्हणून वजाबाकी सुटत नाही.

चार हजार तीनशे.

काका सगळ्यांना सांगायचे, गाडी फक्त मंगळवारी काढतो, भाजीला मंडईत. वाघोली ते मंडई जाऊन-येऊन पस्तीस किलोमीटर. दसऱ्यापासनं सतरा मंगळवार. सहाशे होतात.

उरलेले तीन हजार सातशे किलोमीटर काका गेले कुठं?

३

ते बाजूला ठेवलं, कारण दुसरी गोष्ट डोक्यात घुसून बसलेली.

ऑइल हळूहळू कमी झालं तर दिवा आधी लुकलुकतो. वळणावर, ब्रेक मारल्यावर, सिग्नलला. कित्येक दिवस लुकलुकतो. काका म्हणतात लागला नाही. आणि चावी दिली की लागतोय. दिवा चांगला, ऑइल नाही, आणि दिवा लागला नाही. तिन्ही एकदम खरं कसं असेल?

बॉनेट उघडलं. इंजिनाच्या अंगाला ऑइलचा स्विच असतो, त्यातनं एक वायर दिव्याकडं जाते. ऑइलचा दाब नसेल तर स्विच दिवा लावतो. इंजिन बंद असलं की दाब नसतोच, म्हणून नुसती चावी दिली तरी दिवा दिसतो. ती वायर काढली की दिव्याला विझायलाच पाहिजे. लहान पोराला कळेल असं.

चावी दिली. दिवा लागला. वायर उपटली.

दिवा जळतच राहिला.

वायर हातात धरून मी बघत राहिलो. परत लावली, परत काढली. त्याला काही पडलेलीच नव्हती. तो दिवा ऑइलचा उरलाच नव्हता. तो दुसऱ्याच कुणाच्या तरी तालावर चालत होता.

मीटर उघडायला हात घातला आणि थांबलो. मीटरच्या कडेला कुंकू होतं.

दसऱ्याला गॅरेजमध्ये गाड्यांची पूजा झाली तेव्हा सगळ्यांनी झेंडू लावले, लिंबू ठेवलं. काकांनी कुंकू तेलात कालवून मीटरच्या चौकटीवर स्वस्तिक काढलं. दरवर्षी काढतात, काकू काढायची त्याच जागी. अर्धं चौकटीवर, अर्धं डॅशबोर्डवर. कधी पुसत नाहीत.

आता त्या स्वस्तिकाच्या रेघा जुळत नव्हत्या. चौकटीवरची अर्धी, खालच्या अर्धीपासनं दोन मिलिमीटर सरकलेली.

ठिपका तुटलेला होता.

मोबाइलवर फोटो काढला. मगच स्क्रू काढले. आतनं झेंडूची एक सुकलेली पाकळी मांडीवर पडली. मीटर उलटा केला. ऑइलच्या दिव्याची मूळची वाट ब्लेडनं कापलेली, आणि तिथनं एक बारीक वायर बॅटरीच्या दिव्याला नेऊन जोडलेली. चावी दिली की दोघं बरोबर लागणार. इंजिन चालू झालं की दोघं बरोबर विझणार. चेंबरमध्ये ऑइल असू दे नाहीतर चहा.

कुणीतरी दिव्याचं तोंड बंद केलं होतं. आणि तो गप्प आहे हे कुणाला कळू नये, याचीपण सोय केलेली.

४

आमच्याकडं मीटरला हात लावणारा एकच, पुष्कर. शेजारच्या टपरीतला वायरमन.

"श्रावणात मीटर तूच उघडलेला ना?"

"स्पीडचा बल्ब गेलेला, तो बदलला," पुष्कर तोंडात ब्रश घालून म्हणला. "का रे, सीआयडी झालास का? ड्रेस शिवून घे की मग."

"त्यानंतर?"

"त्यानंतर गाडी आलीय कुठं इकडं? ऑइल बदलायला आणि दसऱ्याला पूजेला आली तेवढीच. आणि हे बघ, मला अडकवायचा असेल तर सरळ सांग, मग मीपण सरळ सांगतो." त्यानं मूठ दाखवली.

माझं डोकं सटकलेलं, पण खरं होतं ते. श्रावण दसऱ्याच्या आधी. पुष्करनं उघडलेला मीटर पूजेच्या वेळी जागेवर होता, म्हणून स्वस्तिक सरळ निघालं. उघडणारा त्याच्यानंतर आला.

मग केयूर? त्याला गाडी नकोच होती. संक्रांतीला तो इथं येऊन बापूशेठना बोललेला, मी गाडीखालीच होतो. "बाबांनी गाडी आणली की काय निघालं ते मला फोन करून सांगायचं. आता एक जरी लाल दिवा दिसला तरी भंगारात देणार." दर रविवारी तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः चावी फिरवून बघायचा. दिवे लागतात का, विझतात का. नेटवर वाचून आलेला. ज्याला लाल दिवा दिसायलाच हवा होता, तो त्याचं तोंड कशाला बंद करेल?

मग मी तो जोड नीट बघितला.

आम्ही गॅरेजवाले वायर दातानं सोलतो, पिळतो आणि काळी टेप मारतो. पुष्करपण तेच करतो. हा जोड तसा नव्हता. वायरीतले तांब्याचे केस सरळ केलेले, सोल्डरिंगचा थेंब गोल आणि चकचकीत, त्यावर मापात कापलेली प्लास्टिकची बारीक नळी. वायर मीटरच्या कडेनं वळवून दोऱ्यानं बांधलेली, तीन ठिकाणी, सारख्या अंतरावर. कुणालाच कधी दिसणार नाही अशा जागी एवढं सुंदर काम.

असा जोड मी आधी एकदाच बघितलेला. आमच्या रेडिओत.

वाटलं, मीटर परत बसवावा, गोधडी बांधावी आणि कुणाला न सांगता निघून जावं.

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. मागं केयूरची गाडी.

५

दहा वाजता सगळे जमले. काका त्याच खुर्चीत. मी ठिपका दाखवला. बापूशेठ गुडघे धरत गाडीखाली गेले, बाहेर येऊन हात पुसले. मग मीटर तात्पुरता जोडला आणि सगळ्यांसमोर वायर उपटली. दिवा जळतच राहिला.

"म्हणजे मीटरमध्ये कुणीतरी गडबड केली," केयूर म्हणला. त्यानं पुष्करची कॉलर धरली. "मीटर तू उघडलेलास! वडील मेले असते माझे!"

"ओ साहेब, हात काढा!"

मी काकांकडं बघत होतो. आता बोलतील. पुष्कर दोन पोरींचा बाप आहे, त्याची टपरी म्हणजे चार पत्रे. आता तरी बोलतील.

काकांची नजर पट्टीवर.

खरं सांगतो, काल माझ्या वेळी गप्प बसले ते मी गिळलं असतं. पण आज परत? माझं डोकं गेलं. आणि डोकं गेलं की मला माणसाचं दुखरं ठिकाण बरोबर सापडतं.

मीटर उचलला, सगळ्यांच्या तोंडासमोर नाचवला.

"पुष्करला सोडा. मीटर दसऱ्यानंतर उघडलाय, कुंकू बघा, फोटो आहे माझ्याकडं. आणि पुष्कर एवढं घाण काम करत नाही. काय भंगार जोड आहे हा! कुण्या येड्यानं थुंकी लावून चिकटवलाय. दोन महिन्यांत सुटणारच होता."

"सुटणार?" काका ताडकन उठले. "त्या जोडाला वीस वर्षं काही होणार नाही!"

सगळ्यांच्या माना काकांकडं वळल्या.

केयूरनं कॉलर सोडली. "बाबा?"

काका परत बसले. माझ्याकडं बघून म्हणले, "हुशार आहेस."

"का केलंत, काका?"

"संक्रांतीनंतर लुकलुकायला लागला. वळणावर. गॅरेजला आणली असती तर शेठ याला फोन करणार, ठरलेलंच होतं ते. आणि मला वाटलं, दिवा खोटं बोलतोय. आयुष्यभर माझ्याकडं जे बिघाड आले ते वायरीतलेच. ऑइल कमी असेल असं मनातच आलं नाही. ऑइल तू बदललेलंस ना. मी म्हणलं, विक्रमचं काम आहे. दिवाच खोटा."

मला तिथून पळावंसं वाटलं.

"मंडईत जायला एवढं सगळं?" केयूरचा आवाज चढला. "भाजी घरपोच येते, बाबा! ॲप टाकून दिलंय मी तुम्हाला!"

"ॲप मला शामराव म्हणत नाही."

"काय?"

"मथुराबाई म्हणते. मंडईतली. तीस वर्षं तिच्याकडची भाजी. लांबून हाक मारते, 'शामराव, आज उशीर?' आठवडाभरात माझं नाव घेणारी तेवढीच."

"आणि बाकीचे तीन हजार सातशे किलोमीटर?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

काकांनी उत्तर दिलं, बिघाड सांगावा तसं. "रोज सकाळी शिक्रापूरपर्यंत जायचो. तिथं गाडी वळवायची. परत यायचं. दुपार व्हायची."

केयूरनं हात पुढं केला. काकांनी शर्टाच्या खिशातनं चावी काढून त्यावर ठेवली. उठले. माझ्याजवळनं जाताना थांबले, पट्टीच्या हातानं मीटरमधल्या जोडाला बोट लावलं.

"ठिपका बरोबर ठेवलास, विक्रम," म्हणले. "मी मात्र बोलायला पाहिजे होतं. कालच."

आणि गेले.

६

गाडी त्याच आठवड्यात भंगारात गेली. बापूशेठ मला म्हणले, "नट घट्ट हुता तुझा." त्यांची माफी एवढीच असते. गोधडी जागेवर राहिली. पुष्करनं वडापाव दिला आणि दोन दिवस मला 'इन्स्पेक्टर' म्हणला.

मी जिंकलो म्हणायचं. पण रेडिओ लावला की बंद करावासा वाटतो. मला विक्रम म्हणणारं आता कुणी नाही, आणि ते मी स्वतःच्या हातानं केलंय. पुढच्या मंगळवारी सुट्टी टाकून मंडईत गेलो. मथुराबाई सापडली. मी मेथी घेतली, करणार काय मेथीचं ते माहीत नव्हतं. सहज म्हणून शामरावांचं विचारलं. तिनं मेथी बांधता बांधता माझ्याकडं बघितलं. "का रं? बरे हाईत ना? दोन मंगळवार न्हाई आले. त्यांची गवार बाजूला काढून ठेवते मी."

हे काकांना जाऊन सांगायचं होतं. सोसायटीच्या गेटपर्यंत दोनदा गेलो. वॉचमन म्हणला, कुणाकडं? मी परत आलो. तोंडावर बोलायला जमणार नाही म्हणून आज सकाळपासनं हे जुन्या सर्व्हिस कार्डांच्या मागं लिहितोय. लिहून त्यांच्या टपालपेटीत टाकणार होतो.

आज मंगळवार. आता मान वर केली तर रस्त्यापलीकडं बसस्टॉपवर काका उभे आहेत. पांढरा शर्ट, हातात दोन कापडी पिशव्या. पट्टी निघालीय. वीस वर्षांत ते बसमध्ये चढले नसतील, येणाऱ्या प्रत्येक बसची पाटी डोळे बारीक करून वाचतायत आणि मागं सरकतायत. मंडईची बस आत्ता त्यांच्यासमोरनं गेली. त्यांना कळलंच नाही.

माझ्याशी बोलतील का, माहीत नाही. तिकडनं दुसरी येताना दिसतेय, हीपण तिकडंच जाणारी. मला आता निघायला लागेल.